विश्लेषण : पोलाद गोठताना मँगनीज कशासाठी? तुमसरच्या खाणींशी हेन्री बेसेमर यांचा संबंध काय?

वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून अर्ध्या तासात पोलाद तयार करण्याची पद्धत हेन्री बेसेमर यांनी १८५६ मध्ये जगापुढे मांडली. मात्र भट्टीत उत्तम दिसणारा तो रस साच्यात गोठला की इतरांच्या कारखान्यांत सच्छिद्र आणि ठिसूळ निघू लागला. या पेचाचा मोठा भाग ज्या मूलद्रव्याने सोडवला, ते मँगनीज आज भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात जमिनीतून काढले जाते. स्थायू, द्रव आणि वायू या तीन अवस्थांच्या खेळात पोलाद कसे अडकले, त्यातून ते कसे सुटले आणि श्रेय कोणाच्या पदरात पडले, याविषयी…

तुमसरचे मँगनीज जाते कुठे?

तुमसरची ओळख धानाची बाजारपेठ अशी आहे. पण तालुक्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग परिसरात काळ्या, जड दगडाच्या खाणी आहेत. हा दगड म्हणजे मँगनीजचे खनिज. हावडा-मुंबई लोहमार्गावरील तुमसर रोड स्थानकातून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा याच पट्ट्यातून जातो. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांत पसरलेल्या या खनिजासाठी १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली. तिचाच वारसा सांगणारी ‘मॉइल’ ही कंपनी १९६२ मध्ये आकाराला आली आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. या भागाचा अभ्यास करणारे भूवैज्ञानिक फर्मोर यांनी येथील मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले.

डोंगरी बुजुर्गच्या खनिजाचा काही भाग बॅटरीच्या सेलसाठी वापरला जातो. पण जगभरात निघणाऱ्या मँगनीजपैकी सुमारे ९० टक्के मँगनीजचा शेवट एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे पोलादाच्या भट्टीत. असे का, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज संशोधकाच्या आयुष्यात सापडते.

लोखंड वितळवणे एवढे अवघड का होते?

पदार्थ घट्ट राहणार की पातळ होणार, हे नुसत्या तापमानावर ठरत नाही. त्यात काय मिसळले आहे, यावरही ते अवलंबून असते. मटका कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो ते याच कारणाने. शुद्ध बर्फ शून्य अंशाला वितळतो, पण मीठ मिसळल्यावर तो शून्याच्या बराच खाली वितळू लागतो. वितळण्यासाठी लागणारी उष्णता, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा, तो दुधातून ओढून घेतो आणि कुल्फी गोठते.

लोखंडाच्या बाबतीत मिठाचे काम कार्बन करतो. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन असेल, तर ते साडेअकराशे अंशांजवळच पातळ होते. झोतभट्टीतून कोळशाच्या सान्निध्यात वाहत येणारे लोखंड असेच कार्बनने भरलेले असते. ते साच्यात ओतता येते, पण हातोड्याचा घाव सोसत नाही. स्वयंपाकघरातला बिडाचा तवा हातून पडला की तडकतो, तो याच गुणामुळे.

ठोकून वाकवता येईल असे लोखंड हवे असेल, तर कार्बन काढून टाकावा लागतो. गोम इथेच होती. कार्बन कमी होत जातो तसा लोखंडाचा द्रवणांक वर चढतो. भट्टीतला रस मग त्याच तापमानाला आपोआप घट्ट होत जातो, कणकेच्या गोळ्यासारखा. इंग्लंडमधील कामगार भट्टीच्या तोंडाशी उभे राहून लांब सळईने हा गोळा ढवळत, बाहेर काढत आणि हातोड्याखाली घालून त्यातली मळी पिळून काढत. मंडला-बालाघाट भागातील अगरिया कारागिरांच्या छोट्या भट्ट्यांत तर लोखंड वितळतच नसे. मळी पातळ होऊन वाहून जाई आणि लोखंडाचा स्पंजासारखा गोळा मागे उरे.

पोलाद या दोन्हींच्या मधले. त्यात कार्बन थोडाच, पण मोजून मापून असावा लागतो. ते मिळवण्यासाठी लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत अनेक दिवस तापवत ठेवत, नंतर लहान मुशींत वितळवत. खर्च एवढा, की पोलाद सुऱ्या, कानशी, स्प्रिंगा आणि हत्यारांपुरतेच परवडे. पूल, जहाजे आणि रेल्वेचे रूळ त्यातून करण्याचा विचारही कोणी करत नसे.

बेसेमर कोण होते?

हेन्री बेसेमर यांचा जन्म १९ जानेवारी १८१३ रोजी इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातल्या चार्लटन या खेड्यात झाला. वडील अँथनी बेसेमर छपाईचे खिळे ओतण्याचा व्यवसाय करत. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात पडतो, क्षणात गोठतो आणि अक्षर होतो, हे दृश्य हेन्री यांनी लहानपणापासून पाहिले होते. धातुशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. घरचा कारखाना हीच त्यांची शाळा.

१८३० मध्ये कुटुंब लंडनला आले. तेथे तरुण बेसेमर यांच्या लक्षात आले, की जुन्या दस्तांवरचे सरकारी मुद्रांक काढून लोक पुन्हा वापरतात आणि सरकारचा मोठा महसूल बुडतो. त्यांनी त्यावर उपाय शोधला. मुद्रांकावर तारीख छापण्याची सोपी कल्पना त्यांच्या वाग्दत्त वधूच्या बोलण्यातून पुढे आली. सरकारने ती उचलली, मात्र बेसेमर यांना आश्वासन दिलेली नोकरी मिळाली नाही आणि मोबदलाही नाही. पेटंट न घेता कल्पना हातची घालवल्याचा हा सल त्यांच्या मनात कायम राहिला.

त्यांना पैसा मिळाला तो पितळेच्या भुकटीतून. सोनेरी रंगासाठी लागणारी ही भुकटी जर्मनीतून येई आणि फार महाग विकली जाई. बेसेमर यांनी ती बनवणारी यंत्रे तयार केली. या वेळी पेटंट न घेता त्यांनी गुप्ततेचा मार्ग धरला. यंत्राचे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून करवून घेतले आणि ती चालवण्यासाठी फक्त जवळचे नातेवाईक नेमले. हे गुपित अनेक वर्षे टिकले आणि त्यातून पुढच्या प्रयोगांचा खर्च निघाला.

तोफेचा गोळा पोलादापर्यंत कसा पोहोचला?

१८५३ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू झाले. बेसेमर यांनी उडताना स्वतःभोवती फिरणारा लांबट तोफगोळा तयार केला. ब्रिटिश युद्धखात्याने त्यात रस दाखवला नाही, फ्रान्सचे सम्राट तिसरे नेपोलियन यांनी दाखवला. १८५४ च्या अखेरीस पॅरिसजवळ व्हँसेन येथे चाचणी झाली. गोळा उत्तम चालला. मात्र बिडाच्या तोफा एवढा जड गोळा डागण्याचा ताण सोसतील का, अशी शंका तेथील लष्करी तज्ज्ञ मिनिए यांनी काढली. बेसेमर लंडनला परतले ते अधिक मजबूत धातू शोधण्याचे ठरवूनच.

सेंट पँक्रस भागातील बॅक्स्टर हाऊस या आपल्या जागेत ते भट्टीवर प्रयोग करत होते. एके दिवशी त्यांना भट्टीच्या कडेला कच्च्या लोखंडाचे काही तुकडे दिसले. चहूकडे प्रचंड उष्णता असूनही ते वितळले नव्हते. सळईने ढोसल्यावर कळले, की तुकडे आतून रिकामे आहेत, फक्त वरचे पातळ कवच उभे आहे. झोताच्या हवेने पृष्ठभागावरचा कार्बन जाळून टाकला होता. कार्बन गेल्यामुळे त्या कवचाचा द्रवणांक भट्टीच्या तापमानापलीकडे गेला होता, तर आतले कार्बनयुक्त लोखंड वितळून वाहून गेले होते.

अनेकांनी असे तुकडे बाजूला फेकून दिले असते. बेसेमर यांना त्यात दिसले, की कार्बन काढायला ढवळणारा माणूस नको आणि बाहेरची जळती ज्योतही नको. नुसती हवा पुरेशी आहे.

इंधनाशिवाय पोलाद कसे?

मग त्यांनी आतून उष्णतारोधक मातीचे अस्तर असलेले, साधारण चार फूट उंचीचे उभे भांडे बांधले. तळाशी हवेसाठी छिद्रे ठेवली. त्यात कच्च्या लोखंडाचा सुमारे साडेतीनशे किलो रस ओतून खालून थंड हवा सोडली. असा रस काही मिनिटांत गोठून दगड होणार, अशी अनुभवी भट्टीकामगाराची खात्री होती. चुलीवरच्या उकळत्या दुधात थंड पाणी ओतावे, तसा हा प्रकार त्याला वाटला असावा.

पहिली दहा मिनिटे शांततेत गेली. नंतर भांड्याच्या तोंडातून ठिणग्या, ज्वाळा आणि वितळलेली मळी उसळू लागली. हवा बंद करण्याची कळ भांड्याजवळच होती आणि तिथे पोहोचणे कुणालाही शक्य नव्हते. काही वेळाने उद्रेक आपोआप शमला. भांड्यात कार्बन जवळजवळ संपलेले लोखंड होते, आणि ते अजूनही द्रव होते.

याचे कारण असे, की लोखंडातले सिलिकॉन आणि कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना स्वतःच प्रचंड उष्णता देतात. द्रवणांक वर चढत असतो, पण रसाचे तापमान त्याच्याही पुढे पळत असते. त्यामुळे रस गोठायला वेळच मिळत नाही. या प्रयोगात अशुद्धी हेच इंधन ठरले होते.

ऑगस्ट १८५६ मध्ये चेल्टनहॅम येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात बेसेमर यांनी इंधनाशिवाय लोखंड आणि पोलाद बनवण्याविषयी निबंध वाचला. वृत्तपत्रांतून ती बातमी सर्वत्र गेली. महिनाभरात लोखंड कारखानदारांनी परवाने घेण्यासाठी सुमारे २७ हजार पौंड मोजले.

नामुष्की का ओढवली?

परवाने घेतलेल्यांनी भट्ट्या उभारल्या, हवा फुंकली, रस ओतला आणि हाती भंगार आले. काही ठोकळे थंडपणी काचेसारखे फुटत, काही लाल असताना हातोडा बसताच चिरफळत, काही आतून पोकळ्यांनी भरलेले असत. काही आठवड्यांपूर्वी डोक्यावर घेतलेले बेसेमर चेष्टेचा विषय बनले. यातले दोष मुख्यतः तीन होते आणि तिन्ही रस गोठून घन होतानाच्या टप्प्याशी जोडलेले होते.

पहिला दोष ऑक्सिजनचा. फ्रीजमधल्या साध्या पाण्याच्या बर्फाच्या खड्याकडे पाहिले, तर मधला भाग पांढुरका आणि बुडबुड्यांनी भरलेला दिसतो. पाण्यात विरघळलेली हवा बर्फात सामावत नाही, म्हणून गोठताना ती बाहेर पडते आणि मध्ये अडकते. जास्त वेळ हवा फुंकलेल्या लोखंडात ऑक्सिजन विरघळून राही. रस गोठू लागला की तो उरलेल्या कार्बनशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड वायू होई आणि त्याचे बुडबुडे घट्ट होत जाणाऱ्या धातूत कोंडले जात.

दुसरा दोष गंधकाचा. उन्हाळ्यात मुले रंगीत बर्फाची कांडी चोखतात, तेव्हा रंग आणि गोडी आधी निघून जाते आणि मागे फिकट बर्फ उरतो. गोठताना पाणी आपल्या स्फटिकांतून साखर बाहेर ढकलते आणि ती कणांच्या फटींत जमते. लोखंडही तसेच गंधकाला बाहेर ढकलते. लोखंड आणि गंधकाचे हे मिश्रण सर्वांत शेवटी, हजार अंशांच्याही खाली गोठते. पोलादाला आकार देण्यासाठी ते पुन्हा हजार-बाराशे अंशांपर्यंत तापवले, की कण घट्ट असले तरी त्यांच्यामधला हा पातळ थर पुन्हा द्रव होतो. ओल्या वाळूचा किल्ला ढासळावा तसा ठोकळा हातोड्याखाली चिरफळतो.

तिसरा दोष फॉस्फरसचा. तो पोलादाला थंडपणी ठिसूळ करतो. बेसेमर यांनी प्रयोगासाठी वेल्समधील ब्लेनॅव्हॉनचे जे लोखंड वापरले, त्यात योगायोगाने फॉस्फरस फार कमी होता. परवानाधारकांच्या लोखंडात तो भरपूर होता आणि बेसेमर यांच्या भांड्यात तो निघून जात नव्हता.

मुशेट यांनी काय केले?

ग्लॉस्टरशायरमधील फॉरेस्ट ऑफ डीन या जंगलपट्ट्यात, कोलफर्ड येथे रॉबर्ट फॉरेस्टर मुशेट हे धातुतज्ज्ञ काम करत. त्यांचे वडील डेव्हिड मुशेट हेही या क्षेत्रातले जाणकार होते. बेसेमर पद्धतीने बनलेल्या सदोष लोखंडाचा नमुना त्यांच्याकडे आला. ते लोखंड जळालेले आहे, म्हणजे त्यात ऑक्सिजन शिरला आहे, हे त्यांनी ओळखले. जर्मनीच्या ऱ्हाइन भागातून येणारे, आरशासारखे चमकणारे श्पीगेलआयझेन नावाचे कच्चे लोखंड त्यांच्या परिचयाचे होते. त्यात मँगनीज आणि कार्बन दोन्ही असत. हवा फुंकून झाल्यावर, रस ओतण्याआधी, त्यांनी ते थोड्या प्रमाणात मिसळले. या पद्धतीचे पेटंट त्यांनी सप्टेंबर १८५६ मध्ये, म्हणजे चेल्टनहॅमच्या निबंधाच्या पुढच्याच महिन्यात, घेतले.

मँगनीजची ओढ लोखंडापेक्षा ऑक्सिजनकडे अधिक. रसातला ऑक्सिजन ते स्वतःकडे खेचते आणि त्याची द्रवरूप मळी होऊन वर तरंगते. मग गोठताना वायू तयार व्हायला फारसा ऑक्सिजन उरत नाही. गंधकालाही ते लोखंडापासून तोडून आपल्याशी बांधते. मँगनीज सल्फाइडचा द्रवणांक १६०० अंशांच्या घरात असल्याने पोलाद ठोकताना ते घनच राहते आणि कणांमध्ये पातळ थर तयार होत नाही. शिवाय श्पीगेलआयझेनमधला कार्बन मोजून टाकता येत असल्यामुळे हवे तेवढ्या कार्बनचे पोलाद मिळू लागले. फॉस्फरसवर मात्र मँगनीजचा इलाज चालला नाही.

या पोलादाचा एक रूळ १८५७ मध्ये इंग्लंडमधील डर्बी स्थानकात बसवण्यात आला. त्या जागी लोखंडी रूळ सहा महिन्यांत, कधी तीन महिन्यांतही झिजून बदलावे लागत. पोलादाचा हा रूळ १८७३ पर्यंत, म्हणजे सुमारे १६ वर्षे टिकला. त्यावरून दिवसाला ७०० च्या आसपास गाड्या जात असल्याच्या नोंदी आहेत.

श्रेय आणि पैसा कोणाला?

पेटंट टिकवण्यासाठी ठरावीक मुदतीत ५० पौंडांचे मुद्रांक शुल्क भरावे लागे. मुशेट यांचे पेटंट विश्वस्तांच्या ताब्यात होते. १८५९ मध्ये ते शुल्क भरले गेले नाही आणि पेटंट रद्द झाले. त्यानंतर कोणालाही बेसेमर पोलादात मँगनीज विनामोबदला टाकता येऊ लागले. त्याचा सर्वाधिक फायदा स्वतः बेसेमर यांना झाला.

बेसेमर यांची भूमिका अशी होती, की पोलादात मँगनीज वापरण्याची कल्पना मुशेट यांची नाही. त्यात तथ्यही होते. जोसाया हीथ यांनी १८३९ मध्येच मुशीतल्या पोलादासाठी मँगनीजच्या वापराचे पेटंट घेतले होते. हीथ हे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात नोकरीला होते आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोर्टो नोवो येथे त्यांनी लोखंडाचा कारखाना काढला होता. शेफिल्डच्या कारखानदारांनी त्यांच्या पेटंटमधून पळवाट काढली आणि हीथ यांची अखेरची वर्षे न्यायालयीन लढाईत गेली. मँगनीजचा उपयोग दाखवणाऱ्या दोघांनाही पेटंटचे फळ मिळाले नाही.

१८६६ मध्ये मुशेट आजारी आणि कर्जबाजारी होते. त्यांची १६ वर्षांची मुलगी मेरी एकटीच लंडनला गेली आणि बेसेमर यांच्या कार्यालयात पोहोचली. वडिलांच्या शोधावर बेसेमर यांची संपत्ती उभी आहे, असे तिने त्यांना सांगितले. कायद्याने बेसेमर काहीच देणे लागत नव्हते. तरीही त्यांनी मुशेट यांना वर्षाला ३०० पौंड देण्याचे ठरवले आणि मुशेट यांचे १८९१ मध्ये निधन होईपर्यंत ती रक्कम दिली जात राहिली. परवान्यांपोटी बेसेमर यांना आयुष्यात मिळालेली रक्कम दहा लाख पौंडांहून अधिक होती, हे पाहिले तर या रकमेचे मोल कळते. त्यांच्याच नावे सुरू झालेले आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटचे बेसेमर सुवर्णपदक १८७६ मध्ये मुशेट यांना देण्यात आले.

मुद्रांकाच्या कल्पनेचा मोबदला न मिळाल्याची तक्रार बेसेमर यांनी आयुष्यभर केली. सरकारशी व्यवहार करताना ते ज्या जागी होते, त्यांच्याशी व्यवहार करताना मुशेट नेमके त्याच जागी उभे होते.

बेसेमर यांचे पुढे काय झाले?

१८५८ मध्ये स्वीडनमधील योरान फ्रेडरिक योरानसन यांनी कमी फॉस्फरसचे आणि मँगनीज असलेले स्थानिक लोखंड वापरून बेसेमर पद्धतीने चांगले पोलाद काढले. कारखानदार तरीही पुढे येईनात, तेव्हा बेसेमर यांनी त्याच वर्षी शेफिल्डमध्ये स्वतःचा कारखाना सुरू केला आणि स्पर्धकांपेक्षा खूप कमी दरात पोलाद विकायला सुरुवात केली. मग परवान्यांसाठी पुन्हा रांग लागली. आडवे करून ओतता येणारे लंबगोल भांडे १८६० मध्ये आले आणि तेच पुढे पोलाद कारखान्यांची खूण बनले. टनाला ४० पौंडांच्या घरात असलेला पोलादाचा दर कालांतराने सहा-सात पौंडांवर उतरला. अमेरिकेत विल्यम केली यांनीही हवा फुंकण्याची कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती आणि १८५७ मध्ये त्यांना तेथील पेटंट मिळाले.

फॉस्फरसचे कोडे बेसेमर यांना सुटले नाही. ते १८७८ च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या लंडनच्या न्यायालयातील कारकुनाने आपल्या रसायनज्ञ चुलतभावाच्या मदतीने सोडवले. भांड्याचे अस्तर चुनखडीच्या जातीचे ठेवले आणि रसात चुना टाकला, की फॉस्फरस मळीत जाऊन बसतो, असे त्यांना आढळले. थॉमस वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी वारले.

बेसेमर यांच्या सगळ्याच कल्पना यशस्वी झाल्या नाहीत. त्यांना जहाज लागण्याचा, म्हणजे समुद्रप्रवासात मळमळण्याचा, त्रास होता. म्हणून लाटांत जहाज हलले तरी आतला दिवाणखाना स्थिर राहील असे जहाज त्यांनी बांधवून घेतले. १८७५ मध्ये ते कॅले बंदराच्या धक्क्यावर आदळले आणि योजना गुंडाळावी लागली.

१८७९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तो पोलादाइतकाच, साडेचार दशकांपूर्वी सरकारला दिलेल्या मुद्रांकाच्या कल्पनेची उशिरा केलेली भरपाई म्हणून होता. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १५ मार्च १८९८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मध्य प्रांतातील मँगनीजसाठी कंपनी स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. बेसेमर आणि त्यांच्यानंतरच्या भट्ट्यांनी पोलादाचे उत्पादन एवढे वाढवले होते, की मँगनीजच्या शोधात ब्रिटिश भांडवल नागपूर-भंडाऱ्याच्या जंगलापर्यंत येऊन पोहोचले.

बेसेमर भट्टी गेली, मग मँगनीज का राहिले?

बेसेमर यांचे भांडे आता वापरात नाही. हवेत चार-पंचमांश नायट्रोजन असतो आणि तो रसात विरघळून पोलादाला कडक पण ठिसूळ करतो. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरण्याचा विचार बेसेमर यांनीही केला होता, पण तेव्हा तो स्वस्तात मिळत नव्हता. त्याचेही उत्तर अवस्थांतरातच निघाले. हवा थंड करत उणे १९० अंशांच्या आसपास नेली की ती द्रव होते. मग नायट्रोजन उणे १९६ अंशांना आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळत असल्याने दोन्ही वेगळे करता येतात. १८९५ मध्ये कार्ल फॉन लिंड यांनी हवा मोठ्या प्रमाणावर द्रवरूप करण्याची पद्धत यशस्वी केली. १९५२ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे शुद्ध ऑक्सिजन फुंकणारे पहिले औद्योगिक कन्व्हर्टर सुरू झाले. आज जगातले सुमारे ७० टक्के पोलाद याच पद्धतीने बनते. तुमसर रोड ज्या लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावर पूर्वेला असलेल्या भिलाईच्या कारखान्यातही असेच कन्व्हर्टर आहेत.

भट्टी बदलली, पण गोठण्याचे नियम बदलले नाहीत. ऑक्सिजन काढण्याच्या कामात आता सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमही वाटेकरी आहेत. गंधकाला घनरूपात बांधून ठेवण्याचे काम मात्र आजही प्रामुख्याने मँगनीजच करते आणि पोलादाची ताकदही वाढवते. त्यासाठी खनिज आधी विजेच्या भट्टीत लोखंडासोबत वितळवून फेरोमँगनीज बनवले जाते आणि ते पोलादाच्या रसात टाकले जाते. भिलाईत बनणाऱ्या रेल्वेच्या रुळांत साधारण एक टक्का मँगनीज असते. रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे बसवलेल्या ओतीव भागांत ते १२-१३ टक्क्यांपर्यंत जाते. हे दणके खाऊन अधिक कडक होणारे पोलाद रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधले.

पोलादातील या मुख्य उपयोगांसाठी मँगनीजला समाधानकारक पर्याय अजून सापडलेला नाही. तिरोडी फाट्यावरून चिखला-डोंगरी बुजुर्ग परिसरातले खनिज ज्या रुळांवरून बाहेर जाते, त्या रुळांतही मँगनीज असतेच.